पठारावरचे गाडे : प्रस्तावना

नगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, पारनेर आणि संगमनेरच्या पठारावरून जाताना एखाद्या गावाबाहेर माळाच्या चढाला लांब, सरळ, दोन्ही कडांना बांध घातलेला मातीचा पट्टा दिसतो. वर्षातले बहुतेक दिवस तिथे शेरडं चरत असतात. नवख्या माणसाला तो काम बंद पडलेला रस्ता वाटतो. गावात त्याला घाट म्हणतात. ग्रामदैवताच्या यात्रेला त्याच घाटातून चार बैलांचा गाडा अकरा-बारा सेकंदांत चढ चढून जातो. गाड्यावर माणूस नसतो. पुढे घोडी दौडते, तिच्यावर स्वार असतो आणि बैल तिचा माग धरून सुटतात. हे पुस्तक या अकरा-बारा सेकंदांविषयी आहे, आणि त्यांच्यासाठी वर्षभर गोठ्यात जे चालतं त्याविषयी जास्त आहे.

या विषयाकडे मी वळलो तो फार लांबच्या वाटेने. अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांविषयी वाचत होतो. 1925 च्या जानेवारीत तिथल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. समुद्र गोठलेला, रस्ता नाही, त्या थंडीत विमान उडवणं धोक्याचं. औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि पुढचे सुमारे 1085 किलोमीटर ते कुत्र्यांनी ओढून नेलं. वीस गाडीवान, दीडशेच्या आसपास कुत्री; एकाने दुसऱ्याच्या हाती पेटी द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. साडेपाच दिवसांत औषध पोचलं. शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. सगळ्यात लांबचा आणि अवघड टप्पा मात्र टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला होता, आणि त्याचं नाव मोठं व्हायला बराच काळ जावा लागला.

पुढे विमानं आली, मग 1960 च्या दशकात बर्फावर चालणाऱ्या मोटारी आल्या. कुत्र्यांना खाऊ घालणं परवडेना, गावोगावचे कुत्र्यांचे तळ रिकामे होत गेले. हे डोळ्यांसमोर बघणाऱ्या जो रेडिंग्टन यांनी खटपट करून 1973 मध्ये अँकरेज ते नोम अशी सुमारे 1600 किलोमीटरची शर्यत सुरू केली. तीच इडिटारोड. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला वीस दिवस लागले. आता पहिला संघ नऊ-दहा दिवसांत पोचतो. कुत्र्यांच्या शर्यती अलास्कात त्याआधीही होत्या, नोममध्येच 1908 पासून होत्या. पण या शर्यतीचं कारण निराळं होतं. कुत्र्याचं काम गेलं होतं, आणि कुत्रा जाऊ नये म्हणून शर्यत आली होती.

हा क्रम वाचला आणि आपल्याकडचं सगळं चित्र मला वेगळं दिसू लागलं. बैलगाडा शर्यतीवर आपल्याकडे एवढा वाद झाला, कोर्टकज्जे झाले, मोर्चे निघाले. पण बैलाचं काम गेलं कधी आणि त्यानंतर शर्यतीचं काय झालं, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही. मला तो विचारायचा होता. म्हणून नगरहून गाडी काढली.

रस्ता साधा आहे. नगरहून कल्याण रस्त्याने भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, तिथून आत पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबा. पुढे आणे ओलांडून जुन्नर तालुक्यात बेल्हे आणि आळेफाटा. आळेफाट्याला उजवीकडे वळून नाशिक रस्त्याने बोटा, घारगाव आणि चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर. तिथून प्रवरेच्या काठाने अकोले, राजूर. जिल्ह्याची हद्द मध्येच सुटते, पुन्हा येते. गाड्यांच्या जगात तिला अर्थ नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर, पारनेर आणि संगमनेरचा पठार भाग हा गाड्यांचा एकच मुलूख आहे. दक्षिणेला सातारा-सांगलीत गेलात की दोनच बैल असतात, छकड्यावर हाकणारा असतो आणि मैदान सपाट असतं. विदर्भात शंकरपट, कोकणात समुद्राच्या पुळणीवरच्या शर्यती. त्या सगळ्यांना या पुस्तकात जागा नाही. मला एकच पट्टा नीट बघायचा होता.

घाटाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाने तो बहुधा मोबाइलवरच पाहिलेला असतो. गाडा म्हणजे दोन चाकांचा हलका सांगाडा. त्याला मागे दोन आणि पुढे दोन असे चार बैल. खालच्या टोकाला जुंपणी होते, आणि ते काम घाटातलं सगळ्यात अवघड काम आहे. चार ताज्या बैलांना ओळीत उभं धरायला दहा-बारा गडी लागतात. बैलांच्या कपाळी भंडारा लागतो. या मुलखातल्या गाड्यांचा देव बहुतेक ठिकाणी खंडोबा, कुठे भैरवनाथ, कुठे मळगंगा. वर निशाणवाला आणि घड्याळवाला. माइकवर पुकारणाऱ्याचं ‘उचल की टाक’ सुरू असतं, मग ‘झाली, झाली’ आणि ‘भिर्रर्र’. धूळ खाली बसायच्या आत सेकंद पुकारले जातात, शंभराव्या भागापर्यंत. दर वेळी एकच गाडा धावतो. या एका धावेला बारी म्हणतात. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, झुंज घड्याळाशी असते. म्हणूनच ठरावीक सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात धरतात आणि त्या नंबराचं बक्षीस सगळ्यांत वाटून जातं. दिवसातला सगळ्यात कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा. चढावरच घाट का, असं मी एका म्हाताऱ्या गाडामालकांना विचारलं. ते म्हणाले, “बाबा, सपाटीला बैल थांबवायचा कुणी? चढाला तो आपला आपण थांबतो.”

चारही बैल एकाच मालकाचे असतीलच असं नाही. एकाचे दोन, दुसऱ्याचा एक, तिसरा पाहुण्यांच्या गावाहून आणलेला, असा गाडा उभा राहतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या दावणीला एकच बैल, त्याने शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करायची आणि दोघांची रानं पाळीपाळीने नांगरायची, ही पठारावरची जुनी रीत. भारी जमिनीला चार बैलांचा नांगर लागायचा तेव्हा दोन-तीन घरं एकत्र यायची. नांगर गेला, मोट त्याच्याही आधी गेली, पण चार बैल जमवण्यासाठी माणसांनी एकमेकांच्या दारी जाणं घाटाने टिकवलं. माझा तर्क असा आहे की गाडा हा त्या नांगराचाच वारस आहे. पुरावा म्हणून कागद दाखवता येणार नाही. गोठ्यांमधून हिंडताना तो तर्क पक्का होत गेला एवढंच.

आता बैलाचं काम किती गेलं ते बघा. 2012 च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर 6 कोटी 79 लाखांच्या घरात होते. 2019 च्या गणनेत ते 4 कोटी 74 लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट. त्याच काळात गाई वाढल्या. नगर हा तर दुधाचा जिल्हा. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागात दावणीला संकरित गाई, आणि खोंड जन्मला की घराला तो खर्च वाटतो. जन्मणारं वासरू कालवडच असावं म्हणून खास तयार केलेल्या वीर्यमात्रा आता सरकारी योजनेतून मिळतात. त्यात शेतकऱ्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. दुधावर घर चालतं. पण अशा जिल्ह्यात खोंड जन्मल्यावर पेढे वाटणारं घर तुम्हाला दिसलं तर ते गाडामालकाचं असतं. खिल्लार गाय दूध थोडं देते. तिला सांभाळायचं ते तिच्या पोटी येणाऱ्या खोंडासाठी, आणि त्या खोंडाला आज घाटाशिवाय फारशी मागणी उरलेली नाही.

शनिवारी श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीला आणि सोमवारी बेल्ह्याला भरणारा बैलबाजार पाहिला की हे उघड दिसतं. शेतीकामाच्या बैलाचा भाव हजारांत बोलला जातो, घाटात पळालेल्या बैलाचा लाखांत. उपरण्याखाली हात धरून बोटांवर सौदा करणारे जुने व्यापारी अजून आहेत. दात बघितले जातात, खूर बघितले जातात, कातडी चिमटीत धरून सोडली जाते. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे शब्द इथे वयाचे दाखले आहेत. शर्यतीचा खोंड बहुधा माणदेशाकडून येतो. आटपाडी, म्हसवड, सांगोला ही त्याची माहेरं, खरसुंडीच्या यात्रेतला खिल्लारांचा बाजार प्रसिद्धच. शिडशिडीत, पांढराशुभ्र, मागे वळलेल्या लांब शिंगांचा, पायात वारा भरलेला आणि तापट. गाडामालक त्याला गव्हाचा भरडा, उडीद, पेंड, दूध, अंडी घालतात, तळ्यात पोहायला नेतात. घरातल्या माणसांच्या ताटात जे रोज नसतं ते त्याच्या घमेल्यात रोज असतं. घरच्या बायकांना मी हे विचारलं तेव्हा कुणी तक्रार केली नाही, पण एक आजी जे बोलल्या ते मला लिहून ठेवावंसं वाटलं: “पोरापरीस त्याचं जास्त करतात, आन पोरालाबी त्याचंच येड.”

अकोल्याकडे गेलो तेव्हा मात्र माझ्या मांडणीला एक गाठ बसली. तिथला बैल डांगी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, जड, सावकाश चालणारा. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून कळसूबाईच्या पायथ्याचा मुसळधार पाऊस त्याला सोसतो. खूर काळे आणि टणक, भाताच्या चिखलणीला तो तासन्‌तास चालतो. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे त्याची निवड होते, कौतुक होतं. घाटात त्याला कुणी जुंपत नाही. म्हणजे शर्यत गोवंश वाचवते असं जे सरसकट सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. ती पळणारा बैल वाचवते. अलास्कातही तसंच झालं. ओझं ओढणारी जुनी दणकट जात मागे पडली आणि शर्यतीसाठी निवडत नेलेली हलकी, चपळ कुत्री पुढे आली. डांगीचं भवितव्य भाताच्या खाचरावर आणि राजूरच्या प्रदर्शनावर अवलंबून आहे. त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. इथे एकच प्रकरण आहे आणि ते पुरेसं नाही.

बंदीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांत तो पुन्हापुन्हा येतो. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळासाठी शिकवायला आणि दाखवायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीला बैल बसवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने शर्यतींवर बंदी घातली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही थांबवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा त्या निकालातला एक मुद्दा होता. जानेवारी 2017 मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लोक बसले, मग तमिळनाडूने कायदा केला, पाठोपाठ आपल्या विधिमंडळानेही केला. तो पुन्हा न्यायालयात अडकला. दरम्यान राज्याच्या समितीने बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर अहवाल तयार केला. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो, धाव हजार मीटरपेक्षा लांब चालत नाही, चाबूक-काठी चालत नाही, आणि बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बंदी घालणारे सगळे शहरी आणि बैलाशी संबंध नसलेले होते, असं घाटावर ऐकू येतं. ते मला मान्य नाही. बंदीपूर्वी घाटात जे चालायचं त्यातलं काही भयंकर होतं. पराणीची आर, खिळे, शेपटी पिरगाळणं, शेपटीला चावा घेणं, विजेचा झटका देणारं यंत्र. न्यायालयापुढे हे पुराव्यानिशी आलं आणि ज्यांनी ते आणलं त्यांनी बैलावर उपकारच केले. आजचा घाट पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा आहे, आणि तो बंदीच्या धाकाने बरा झाला आहे. हे गाडामालकांपैकी जाणती माणसं खाजगीत कबूल करतात. जाहीरपणे त्यांनी ते म्हणावं असं मला मनापासून वाटतं. बंदीच्या काळाची दुसरी बाजूही आहे. 2014 मध्ये दोन दाती असलेला खोंड 2021 मध्ये उताराला लागलेला होता. बैलांची एक पिढी घाट न बघताच संपली. त्या वर्षांत अनेकांनी दावण मोकळी केली, काहींनी कर्ज काढून सांभाळली.

इथे मला रस्त्यावर दिसलेली एक गोष्ट मांडायची आहे, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजू गप्प असतात. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि नगर जिल्हा उसाचा झाला. आजही हंगामात पाथर्डी-शेवगावकडून आणि बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि टायरच्या बैलगाडीत दोन-दोन टन ऊस घालून बैल कारखान्याच्या चढाला गुडघे टेकतात. ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 पासून नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको; पारा 37 अंशांच्या वर गेला की दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. हा नियम माहीत असलेला माणूस मला त्या रस्त्यांवर भेटला नाही. टोळीतल्या माणसाला मी दोष देत नाही. तोही त्याच गाडीत जुंपलेला आहे. पण बारा सेकंद पळणाऱ्या बैलासाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय बसलं आणि पाच महिने ओढणाऱ्या बैलासाठी तालुक्याचा अधिकारीही फिरकत नाही, याचं उत्तर प्राणिमित्रांनी आणि गाडामालकांनी दोघांनीही द्यावं. बैलाच्या दुःखाची चौकशी करायची तर ती सगळ्या रस्त्याची व्हावी.

शर्यतीवर पैसा आला आहे हेही लपवण्यासारखं नाही. बक्षिसात मोटारसायकली, चारचाकी, ट्रॅक्टर असतात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शर्यती ग्रामदैवताच्या यात्रेपेक्षा मोठ्या होऊ लागल्या आहेत. ज्या यंत्राने बैलाला रानातून बाहेर काढलं तेच यंत्र त्याला बक्षीस म्हणून मिळतं, हे बघताना मला वाईट वाटतं. आणि गर्दी! बांधावर, झाडावर, घाटाच्या तोंडाशी माणसं उभी असतात. गाडा सुटल्यावर आडवं पळणारं पोर पाहिलं की काळजाचा ठोका चुकतो. माणसं चिरडली गेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. कठडे उभारायला फार पैसा लागत नाही. एका मोटारसायकलीच्या बक्षिसात घाटाची एक बाजू बांधून होते.

इडिटारोडवरही टीका थांबलेली नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी तिथून आपलं नाव काढून घेतलं, कुत्री मेली त्या वर्षांची चर्चा आजही होते. तरी तिथून घेण्यासारखं काही आहे. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याच्या हृदयाची तपासणी होते, कातडीखाली ओळखीची चकती असते. वाटेत पशुवैद्य असतात. थकलेलं कुत्रं गाडीवानाने तळावर सोडायचं आणि उरलेल्यांवर पुढे जायचं. एकदा चोवीस तासांची आणि दोनदा आठ तासांची विश्रांती सक्तीची आहे. आपल्याकडे नियम आहेत, पण तपासणारा माणूस यात्रा कमिटीचाच पाहुणा असतो, आणि दाखला पुष्कळदा बैलाचे पाय न बघता मिळतो.

शेवटचा प्रश्न म्हाताऱ्या बैलाचा. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. पळणं थांबलेला खिल्लार पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत जगतो आणि त्याला खायला रोज लागतं. काही घरांत त्याला मरेपर्यंत सांभाळतात, मेल्यावर रानात पुरतात, समाधी बांधतात, दहावा घालतात; मी अशा समाध्यांना हात जोडले आहेत. काही घरांतून तो एका बाजारच्या दिवशी निघून जातो आणि कुठे गेला हे कुणी सांगत नाही. शर्यत बैल वाचवते असं म्हणणाऱ्याने हे दुसरं घरही बघायला हवं.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाला, आणि त्याहून जास्त पठारावरच्या यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे. शर्यती सुरू राहाव्यात या मताचा मी आहे, आणि ते मत पुढच्या पानांत कुठेही झाकलेलं नाही. पण परवानगी मिळाली म्हणजे काम संपलं असं धरू नका. बाहेरच्या तालुक्यातला पशुवैद्य बोलवा, घाटाला कठडे घाला, वरच्या टोकाला बैलांसाठी सावली आणि पाणी ठेवा. प्रत्येक यात्रेच्या बक्षिसातला दहावा हिस्सा पळणं थांबलेल्या बैलांच्या वैरणीसाठी काढा आणि त्याचा हिशोब देवळाच्या भिंतीवर लावा. सुरुवात कुणी करायची हा प्रश्न असेल तर ती पारनेरने करावी.